शाळेच्या संघाला वर्षाला एक सामना पुरत नाही

भंडारा जिल्ह्यातील माध्यमिक शाळांच्या मुख्याध्यापक आणि मुख्याध्यापिकांस,



तुमच्यापैकी बरेच जण मला चेहऱ्याने ओळखता. पावसाळ्यात तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या शालेय स्पर्धांमध्ये कबड्डीच्या आणि खो-खोच्या मैदानावर गळ्यात शिटी अडकवून जे पंच उभे असतात, त्यांतला मी एक. तुमच्या शाळांचे संघ मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे, जिंकणारेही आणि हरणारेही. जिंकणाऱ्यांचा फोटो दुसऱ्या दिवशी पेपरात येतो. हरणारे संख्येने कितीतरी जास्त असतात आणि ते कुठेच येत नाहीत. हे पत्र त्यांच्यासाठी आहे.

आपल्या शालेय स्पर्धा बाद पद्धतीच्या आहेत. आधी तालुका, मग जिल्हा, मग नागपूर विभाग, मग राज्य आणि शेवटी राष्ट्रीय स्पर्धा. 14, 17 आणि 19 वर्षांखालचे वयोगट, मुले आणि मुली वेगळी. वर जाणाऱ्या संघासाठी ही रचना ठीकच आहे. राज्याला शेवटी एक संघ निवडायचा असतो आणि तो निवडण्याचा हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. पण हेच चित्र जरा खालून बघा. तालुक्याला 16 शाळांचे संघ आले, तर पहिल्या फेरीत 8 घरी जातात, दुसरीत आणखी 4. म्हणजे 16 पैकी 12 शाळांचा त्या वर्षाचा खेळ दोन सामन्यांत आटोपतो, आणि त्यांतल्या 8 शाळांचा तर एकाच सामन्यात. मुलींचा कबड्डीचा सामना 15-15 मिनिटांच्या दोन सत्रांचा असतो. खो-खोत 14 वर्षांखालचा संघ डावाने हरला, तर अर्ध्या तासात सगळे संपते. तेवढ्यासाठी मुलांनी नावे दिलेली असतात, सरांनी प्रवेशिका भरलेल्या असतात, जन्माचे दाखले आणि ओळखपत्रे गोळा केलेली असतात, कपाटातल्या जर्सी काढून धुतलेल्या असतात. अर्ध्या तासानंतर त्या जर्सी पुन्हा धुऊन कपाटात जातात, ते पुढच्या ऑगस्टपर्यंत.

दोन-चार वर्षांपूर्वीचा एक सामना सांगतो. 17 वर्षांखालच्या मुलींची कबड्डी. एका बाजूला तालुक्याच्या गावातला सरावलेला संघ, दुसऱ्या बाजूला आतल्या गावातून पहिल्यांदाच आलेल्या मुली. अंगातल्या जर्सी मुलांच्या संघाच्या. डाव्या कोपऱ्यातल्या बारक्या मुलीने तिची जर्सी कमरेला गाठ मारून कशीबशी बसवली होती. पहिल्या सत्रात या मुलींवर दोन लोण चढले. समोरची चढाईला आली की सातही जणी मागच्या रेषेपर्यंत सरकायच्या, मग एखादी एकटीच धीर करून झेप घ्यायची आणि बाद व्हायची. सोबत आलेले सर गणिताचे होते. मध्यंतराच्या 5 मिनिटांत ते बिचारे सगळ्यांना पाणी देत फिरले, त्याहून जास्त काही सांगण्याजोगे त्यांच्याजवळ नव्हते. मुलींनीच डोकी एकत्र करून आपसांत काहीतरी ठरवले.

दुसऱ्या सत्रात त्या बारक्या मुलीने शेजारणीचा हात सोडला नाही. समोरचीने बोनससाठी पाय टाकला, तो पाय उचलायच्या आत हिने घोटा धरला, शेजारीण कमरेला भिडली आणि बाकीच्या वरून पडल्या. पकड. थोड्या वेळाने तशीच दुसरी. शेवटची दहा मिनिटे तो सामना खरोखर बरोबरीचा चालला होता, हे मी पंच म्हणून सांगतो. पहिल्या सत्रातले गुण भरून निघणे शक्य नव्हते, त्या मोठ्या फरकाने हरल्या. दोन्ही संघांनी हात मिळवले. ती डाव्या कोपऱ्यातली पोरगी गुणलेखकाच्या टेबलापाशी आली आणि मला म्हणाली, “सर, आता पुढची मॅच कवा हाय जी?”

पुढची मॅच पुढच्या वर्षी होती आणि पोरगी दहावीत होती.

महिनाभर सराव घेऊन जे शिकवता येत नाही ते त्या मुली 15 मिनिटांत शिकल्या, कारण समोर खराखुरा प्रतिस्पर्धी होता. आणि शिकलेले वापरायला त्यांना दुसरा सामना मिळालाच नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की आपल्या मुलांना सामने कमी पडतात. मैदान, मॅट, बूट, प्रशिक्षक या सगळ्यांची टंचाई आहेच, त्याबद्दल आपण सभांमधून बोलतही असतो. सामन्यांच्या टंचाईबद्दल मात्र कुणी बोलत नाही आणि ती दूर करायला मंत्रालयाची मंजुरी लागत नाही. ती तुम्ही दूर करू शकता. म्हणून हे पत्र क्रीडामंत्र्यांना किंवा जिल्हाधिकाऱ्यांना न लिहिता तुम्हाला लिहितो आहे.

खेळाडू सामन्यांनी घडतो हे महाराष्ट्राला नव्याने सांगायला नको. 1988 मध्ये आझाद मैदानावर हॅरिस शील्ड या शालेय क्रिकेट स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात शारदाश्रम शाळेच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी 664 धावांची भागीदारी केली, ती घराघरांत माहीत आहे. त्यामागची गोष्ट अशी की त्यांचे प्रशिक्षक रमाकांत आचरेकर सर सचिनला स्कूटरवर बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर सामने खेळायला न्यायचे. जाळीतला सराव होताच, पण सामना हाच त्यांचा मुख्य धडा होता. मुंबईत मैदाने शेजारी-शेजारी आहेत आणि सामने रोज आहेत. आपल्याकडे तसे नाही, म्हणून आपल्याला ते घडवून आणावे लागतील.

जपानचे उदाहरण घ्या. तिथे शालेय बेसबॉलची राष्ट्रीय स्पर्धा 1915 पासून चालू आहे, कोशिएनच्या मैदानावरचे ते सामने सारा देश पाहतो आणि ती स्पर्धा बाद पद्धतीचीच आहे. पण फुटबॉलमध्ये त्याच देशाने वेगळी वाट धरली. बाद पद्धतीत दुबळ्या संघांना सामनेच मिळत नाहीत आणि बलाढ्य संघही हरण्याच्या धास्तीने भीत-भीत खेळतात, हे ओळखून त्यांनी 18 वर्षांखालच्या मुलांसाठी जिल्ह्यापासून देशापर्यंत साखळी सामने उभे केले. 2011 पासून त्यांची राष्ट्रीय साखळी चालते आणि तिच्यात शाळांचे संघ आणि क्लबांचे संघ एकमेकांशी खेळतात. जुनी बाद स्पर्धा त्यांनी मोडली नाही. तिच्या शेजारी दुसरी उभी केली. अमेरिकेतही हायस्कूलचा अमेरिकन फुटबॉल संघ शरद ऋतूत आठवड्याला एक याप्रमाणे हंगामभर सामने खेळतो. पहिल्या शुक्रवारी हरलेला संघ दुसऱ्या शुक्रवारी पुन्हा मैदानात असतो.

हार पचवायला शिकवणे हे शालेय खेळाचे मोठे काम आहे असे आपण सगळेच मानतो, आणि ते खरेही आहे. पण हार पचते कधी? ज्याने हरवले त्याच्याशी पुन्हा गाठ पडते तेव्हा. मागच्या वेळी उजव्या कोपऱ्यातून निसटलेला तो चढाईपटू या वेळी कसा अडवायचा, याचा विचार पोरगा आठवडाभर करतो, शाळेच्या वाटेवर मित्राशी बोलतो, जेवताना बोलतो. खिलाडूवृत्ती म्हणतात ती या आठवड्यात तयार होते. एकदा हरून घरी बसलेल्या मुलाच्या वाट्याला नुसती हार येते.

आता आपल्या जिल्ह्याचा विचार करा. शालेय स्पर्धांचे वेळापत्रक साऱ्या राज्यासाठी सारखे आणि आपला जिल्हा धानाचा. विदर्भात शाळा उघडतात जूनच्या शेवटी. जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी. आई पऱ्हे खणायला आणि रोवायला सकाळीच बांधीत गेलेली असते, घरी धाकटे भाऊ-बहीण आणि चूल मोठ्या मुलीकडे. तिने शाळा सुटल्यावर सरावाला थांबावे कसे? बरीच मोठी मुले त्या दिवसांत स्वतःच चिखलात उतरतात. त्यात आपला पाऊस. कन्हार जमिनीवरचे मैदान एकदा भिजले की चार दिवस पायाला चिकटते, त्यावर आखलेली चुन्याची रेघ एका सरीत वाहून जाते. अशा मैदानावर मी सामने घेतले आहेत. मुले खेळली, पण ती कबड्डी कमी आणि चिखलणी जास्त होती. आणि अशाच दिवसांत, जेमतेम महिन्याभराच्या सरावावर, आपल्या मुलांचा वर्षाचा एकुलता एक सामना लागतो.

उलट गावाचा खेळाचा हंगाम बघा. धान कापून झाले, चुरणे आटोपत आले की भाऊबिजेनंतर मंडई सुरू होतात. गावोगावी दंडार, नाटके, कुठे शंकरपट. ज्या बांधीत उतेऱ्याची लाखोळी टाकलेली नाही ती साफ करून रात्री दिव्यांच्या उजेडात कबड्डीचे सामने होतात, शेपाचशे माणूस कडेने उभा असतो. जमीन कोरडी, हवा गार, हातात चार पैसे आणि माणसांना सवड. आपल्या बापजाद्यांना हंगाम बरोबर कळला होता. फक्त ते सामने मोठ्यांचे आणि रोख बक्षिसांचे असतात, शाळेतली पोरे कडेला बसून बघतात.

माझा प्रस्ताव साधा आहे. डिसेंबरच्या पहिल्या शनिवारपासून शेजारच्या शाळांनी आपसांत साखळी सामने सुरू करावेत. शनिवारी सकाळची शाळा असते, त्यामुळे दुपार मोकळी मिळते. पाच शाळा एकत्र आल्या तर प्रत्येक संघाला चार सामने मिळतात, एकूण सामने दहा. एका शनिवारी दोन सामने धरले तर पाच शनिवारांत साखळी पूर्ण होते आणि जानेवारीच्या सुरुवातीला आपण मोकळे. साकोलीहून लाखांदूरला जाणाऱ्या रस्त्यावरचीच गावे मोजा: साकोली, सानगडी, दिघोरी, बारव्हा, लाखांदूर. एकाच एसटीच्या वाटेवर पाच संघ. वर तुमसर तालुक्यात मिटेवानी, गोबरवाही, नाकाडोंगरी एका रस्त्याला आहेत. 1999 मध्ये गोंदिया वेगळा झाल्यापासून आपल्याकडे सातच तालुके आहेत, जिल्हा आटोपशीर आहे. जवळच्या जवळ पाच शाळा जमणार नाहीत असा कोपरा त्यात शोधूनच काढावा लागेल.

दहावी-बारावीची परीक्षा आता फेब्रुवारीतच सुरू होते, म्हणून या सामन्यांत भर आठवी, नववी आणि अकरावीवर असावा. दहावीच्या ज्या मुलांना खेळायचे आहे त्यांना अडवू नका, पण सक्तीही नको. खेळ एकच घ्या, कबड्डी किंवा खो-खो. दोन्हींना चुना, दोरी, शिटी आणि खो-खोला दोन खांब एवढेच लागते. “या देशी खेळांत काय ठेवलंय?” असे विचारणारे पालक भेटतील. त्यांना सांगा की जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, भारताच्या महिला आणि पुरुष अशा दोन्ही संघांनी तो जिंकला आणि प्रियंका इंगळे आणि प्रतीक वाईकर हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते. हेही सांगा की अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने 1936 मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ जगाला दाखवले होते. विदर्भातले कितीतरी शारीरिक शिक्षक त्याच मंडळाच्या महाविद्यालयात शिकून आले आहेत. आपल्या भागाला या खेळांचा वारसा आहे.

नियम मोजके ठेवा. एक मात्र माझ्या आग्रहाचा: यादीतल्या बाराही जणांनी प्रत्येक सामन्यात खेळलेच पाहिजे. तालुक्याच्या स्पर्धेत मी दरवर्षी पाहतो, पाच पोरे जर्सी घालून येतात, रेषेबाहेर बसतात आणि जर्सी न मळवता परत जातात. त्यांच्यातला एखादा नुसता घाबरट म्हणून बाहेर बसलेला असतो, दोन चढाया करायला मिळाल्या की त्याची भीती मोडते. हरण्याची टांगती तलवार नसेल तरच सर त्याला आत सोडतील. साखळीत ती तलवार नसते. रोख बक्षीस नको, ढालही नको. गुणतक्ता प्रत्येक शाळेच्या फळ्यावर दर सोमवारी लिहा. परिपाठाला शनिवारचा निकाल वाचून दाखवा, जिंकलेला तसाच हरलेलाही, आणि कुणी चांगली पकड केली असेल तर त्याचे किंवा तिचे नाव घ्या.

पंच म्हणून आणखी एक अनुभव सांगावासा वाटतो. तालुक्याच्या स्पर्धेत भांडणे होतात हे तुम्ही जाणता. एका गुणावरून मैदानात माणसे घुसतात, वयाचे दाखले पुन्हा पुन्हा मागितले जातात, बाहेरचा खेळाडू आणल्याचे आरोप होतात आणि सगळेच आरोप खोटे नसतात. मुले मुळात भांडखोर नाहीत. एका गुणावर त्यांचे सारे वर्ष टांगलेले असते, वरून सवलतीचे गुण आणि नोकरीतले 5 टक्के आरक्षण यांची स्वप्ने त्याच एका गुणाला बांधलेली असतात. ती स्वप्ने चुकीची नाहीत. शेतकऱ्याच्या आणि मजुराच्या घरातल्या मुलाला प्रमाणपत्र लागते, मी त्याला नावे ठेवणार नाही. पण खेळ तेवढ्यासाठीच उरला की पंचाचा निर्णय मान्य करण्याइतकी मोकळीक मुलाच्या मनात राहत नाही. पुढच्या शनिवारी पुन्हा खेळायचे आहे हे माहीत असलेला संघ पंचाशी वाद घालतो तो दोन मिनिटे, आणि परत चढाईला जातो.

आता अडचणी. मला त्या कमी लेखायच्या नाहीत, कारण तुमची टेबले मी पाहिली आहेत.

पहिली अडचण मुलींच्या परतीची. मानव विकासच्या निळ्या बसमुळे आणि अहिल्याबाई होळकर योजनेच्या मोफत पासमुळे आपल्या भागातल्या मुली दहावी-बारावीपर्यंत शिकू लागल्या, हे फार मोठे काम झाले आहे. पण ती बस शाळेच्या वेळेला बांधलेली. शाळा सुटली की पंधरा मिनिटांत बस निघते आणि सरावाला थांबलेल्या मुलीला मागे काही वाहन नसते. गावात काळीपिवळी येते, पण संध्याकाळी तिच्यातून एकट्या मुलीला पाठवायला आईबाप तयार नसतात, आणि ते बरोबरच आहे. कित्येक गावांत मुलींचा संघ उभा न राहण्याचे खरे कारण हेच आहे, मुलींना आवड नाही हे नव्हे. पाच मुख्याध्यापकांनी मिळून आगारप्रमुखांना एक अर्ज दिला, की डिसेंबरपासूनचे पाच शनिवार या मार्गावरची बस दोन तास उशिरा सोडावी, तर तो अर्ज नाकारणे कठीण जाईल. एकट्या शाळेचा अर्ज फाइलमध्ये राहतो. जवळच्या गावांतल्या मुलींकडे योजनेतून मिळालेल्या सायकली आहेत, त्यांना सोबतीने पाठवता येईल. आणि सामना ज्या शाळेत असेल तिथले मुलींचे स्वच्छतागृह त्या दुपारी उघडे, पाणी असलेले आणि आतून कडी लागणारे असावे. हे लिहावे लागते कारण अनेकदा त्याला कुलूप असते आणि किल्ली शिपायाबरोबर घरी गेलेली असते. दिवसभर पाणी न पिता खेळलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. त्या चक्कर येऊन पडतात तेव्हा आपण उन्हाला दोष देतो.

दुसरी अडचण पोटाची. शालेय पोषण आहार आठवीपर्यंत. नववीतला खेळाडू सकाळी भात खाऊन निघतो, डबा आणलाच तर मधल्या सुटीत संपतो आणि संध्याकाळच्या सरावाला तो रिकाम्या पोटी असतो. मूठभर भिजवलेले चणे आणि शेंगदाणे-गूळ एवढ्यानेही फरक पडतो. आपल्या गावांत मंडईची वर्गणी गोळा करणारी मंडळे आहेत, माजी विद्यार्थी आहेत, सैन्यात आणि पोलिसांत गेलेली पोरे आहेत. त्यांना एका संघाच्या दोन महिन्यांच्या चण्या-गुळाचे सांगा. पावती द्या. लोक नाही म्हणणार नाहीत.

तिसरी अडचण शिक्षकाची. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शाळेला मैदान असावे, प्रत्येक वर्गाला खेळाचे साहित्य मिळावे आणि सहावी ते आठवीत 100 हून जास्त मुले असतील तिथे शारीरिक शिक्षणाला अंशकालीन निदेशक असावा, असे स्पष्ट लिहिलेले आहे. प्रत्यक्षात काय आहे ते तुम्ही जाणता. जिथे क्रीडाशिक्षक आहेत तिथेही त्यांच्या माथी ऑनलाइन माहिती भरण्याची कामे आहेत. पदे भरण्यासाठी भांडत राहू या, त्या भांडणात मीही तुमच्यासोबत येईन. पण पद भरेपर्यंत मुले थांबत नाहीत, ती दरवर्षी एका वर्गाने पुढे जातात आणि शाळेबाहेर पडतात. साखळी सामन्यांना मोठा प्रशिक्षक लागत नाही. मुलांसोबत उभी राहणारी एक जबाबदार व्यक्ती लागते. गणिताचे सर चालतील, मराठीच्या बाई चालतील. नियम शिकवायला आणि शिटी वाजवायला आम्ही पंच येऊ. माझ्या ओळखीतले पंच मानधन न घेता शनिवारची दुपार द्यायला तयार आहेत.

आणि वेळापत्रकातला पीटीचा तास. सहामाही जवळ आली की तो इंग्रजीला जातो, सराव परीक्षा आल्या की गणिताला. निकालाचा दबाव तुमच्यावर आहे, संस्थेचा आहे, पालकांचा आहे. तरी विनंती करतो, तो तास मुलांचा आहे, त्यांना परत द्या. आठवड्यातल्या दोन तासांनी दहावीचा निकाल खाली आल्याचे मी तरी पाहिलेले नाही.

पहाटे आपल्या कोणत्याही रस्त्याला जा, वरठीच्या, कारध्याच्या, पालांदूरच्या. अंधारात रांगेने पळणारी पोरे-पोरी दिसतील. पोलीस भरतीला मुलांसाठी 1600 मीटर आणि मुलींसाठी 800 मीटर धावणे असते, त्याची ही तयारी. बाजूने ट्रक जात असतात, अंगात साधे चमकणारे जाकीटही नसते. यांतल्या पुष्कळांनी शाळेत असताना एकदाही मैदानाला पूर्ण फेरी मारलेली नाही, आणि बारावीनंतर एकदम छाती फुटेस्तोवर पळायला लागतात. ही पोरे तुमच्याच शाळांतून बाहेर पडली आहेत. भरतीत जागा थोड्या, बहुतेकांना ती नोकरी मिळणार नाही. मग त्या पळण्याचे काय? ज्याने शाळेत संघातून चार हिवाळे खेळून काढले, त्याच्याकडे भरती हुकल्यावरही खेळ उरतो, खेळातले मित्र उरतात आणि एकत्र येऊन काही करायची सवय उरते. तो गावातल्या लहान पोरांना संध्याकाळी मैदानावर घेऊन जातो. अशी माणसे मी ओळखतो, ज्या गावात असा एकजण आहे त्या गावाच्या शाळेचा संघ लगेच ओळखू येतो.

मुख्याध्यापक मनावर घेतो तेव्हा काय होते, याची साक्ष महाराष्ट्राच्या इतिहासात आहे. 1952 मध्ये कुस्तीपटू खाशाबा जाधवांना हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैसे कमी पडत होते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून 7,000 रुपये उभे केले. खाशाबा कांस्यपदक घेऊन आले. आज तुमच्याकडे घर गहाण ठेवायची मागणी कुणी करत नाही. पाच शनिवारच्या दुपारी, शाळेचे मैदान आणि एक उघडे स्वच्छतागृह, एवढेच मागतो आहे.

काही शाळा हे आपापल्या परीने करतातही. त्यांचे शिक्षक सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या पेट्रोलवर मुलांना सामन्याला घेऊन येतात, हे मला ठाऊक आहे, आणि हे पत्र त्यांना उद्देशून नाही. पण त्यांनाही खेळायला समोर दुसरी शाळा लागते. एकट्या शाळेला साखळी करता येत नाही.

म्हणून या आठवड्यात एक काम करा. तुमच्या सर्वांत जवळच्या हायस्कूलच्या मुख्याध्यापकांना फोन लावा आणि डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी दुपारी एक सामना ठरवा, मुलींचा आधी. पाच शाळा जमेपर्यंत थांबू नका, दोन पुरेत. मैदान तुम्ही आखा, शिटी घेऊन मी येतो.

आपला नम्र,
शालेय स्पर्धांतला एक पंच, भंडारा